‘इन द पेल मूनलाइट’: सांगलीत बसून या एपिसोडवर नीट भांडायचं कसं

‘स्टार ट्रेक: डीप स्पेस नाइन’च्या सहाव्या सीझनमधला एकोणिसावा एपिसोड. हरत चाललेलं युद्ध जिंकण्यासाठी अंतराळस्थानकाचा प्रमुख सिस्को तटस्थ रोम्युलन साम्राज्याला खोट्या पुराव्यानं लढाईत ओढतो, ती ही गोष्ट. एप्रिल १९९८ मध्ये पहिल्यांदा दाखवला गेला, आणि विज्ञानकथा बघणारी चार माणसं जमली की आजही यावर वाद होतो. वाद व्हायलाच हवा. फक्त तो बहुतेक वेळा पाच मिनिटांत फुकट जातो, कारण कुणीतरी सुरुवातीलाच विचारतं, ‘सिस्को बरोबर की चूक?’ मग अर्धे इकडे, अर्धे तिकडे, आणि पुढे फक्त आवाज चढतात.

हा एपिसोड निकाल मागतच नाही. तो पायरी मागतो: तुम्ही कुठे थांबला असता? आपल्या सांगलीकरांना हे वेगळं समजावून सांगायला नको. पावसाळ्यात आयर्विन पुलाजवळचं पाणी चाळीस फुटांवर गेलं की इशारा, पंचेचाळीसला धोका. पण सूर्यवंशी प्लॉटातला माणूस सामान वर चढवायला कधी लागतो आणि मारुती चौकातला कधी, हे वेगवेगळं असतं, आणि खरी चर्चा त्या फुटांचीच होते. सिस्कोबद्दलही तेच विचारायचं: कितव्या फुटाला?

ज्यांनी मालिका बघितलेली नाही त्यांच्यासाठी थोडी तयारी लागते. पाचव्या सीझनचा शेवटचा ‘कॉल टू आर्म्स’ आणि सहाव्यातला ‘सॅक्रिफाइस ऑफ एंजल्स’ एवढे दोन बघितले की डोमिनियनबरोबरचं युद्ध कळतं: एका बाजूला सिस्कोचा संघ (त्याचं आरमार म्हणजे स्टारफ्लीट) आणि क्लिंगॉन लोक, दुसऱ्या बाजूला डोमिनियन आणि कार्डेशियन. स्थानकावर शिंप्याचं दुकान चालवणारा माजी कार्डेशियन हेर गॅरक कळायला तिसऱ्या सीझनमधले ‘इम्प्रॉबेबल कॉज’ आणि ‘द डाय इज कास्ट’ हे जोड-एपिसोड घ्यावेत. कार्डेशियन आणि रोम्युलन हेरखात्यांनी मिळून डोमिनियनवर हल्ला केला आणि दोघांचं आरमार बुडालं, हे त्यात आहे. रोम्युलन लोक पुढे तटस्थ का राहिले याचं अर्धं उत्तर तिथे मिळतं. हे चारही एका बैठकीत बघू नयेत, आदल्या आठवड्यात ज्यानं त्यानं बघून यावं.

बैठकीला आठ ते बारा माणसं पुरेत. त्याहून जास्त झाली की दोघंतिघंच बोलतात. एपिसोड साधारण पंचेचाळीस मिनिटांचा, पण वेळ अडीच तासांचा धरा. सबटायटल्स लावाच. सिस्को झालेला एव्हरी ब्रूक्स खालच्या पट्टीत बोलतो, आणि हॉलमध्ये पंखा, बाहेर पाऊस आणि मध्ये भडंगाचा कागद असला की नेमकी महत्त्वाची वाक्यं निसटतात. चहा मध्यंतरात नको, शेवटी.

प्रत्येकाला एक कागद द्यायचा. त्यावर पायऱ्या आधीच लिहिलेल्या:

१. रोम्युलनांना युद्धात ओढण्यासाठी सिस्को गॅरककडे जातो आणि डोमिनियन रोम्युलनांवर हल्ला करणार असल्याचा खरा पुरावा मिळवायला सांगतो.
२. कार्डेशियातली आपली माणसं मारली गेली असं गॅरक सांगतो. आता पुरावा बनवायचा ठरतं, आणि स्टारफ्लीट त्याला मंजुरी देतं.
३. बनावट रेकॉर्डिंग करू शकणारा गुन्हेगार टोलार याला क्लिंगॉनांच्या फाशीतून सोडवलं जातं.
४. टोलार स्थानकावरचा बारमालक क्वार्क याला भोसकतो. तक्रार होऊ नये म्हणून सिस्को क्वार्कला लाच देतो.
५. बनावट रेकॉर्डिंग ज्यावर भरायचं त्या खऱ्या कार्डेशियन डेटा रॉडच्या बदल्यात पंच्याऐंशी लिटर बायोमिमेटिक जेल द्यायला तो डॉक्टर बशीरला भाग पाडतो.
६. रोम्युलन सेनेटर व्रीनाकसमोर खोटा पुरावा ठेवतो.
७. व्रीनाकचं शटल उडतं. हे गॅरकनं केलं हे कळूनही सिस्को गप्प राहतो.
८. हे सगळं सांगणारी आपली खासगी नोंद तो स्वतः पुसून टाकतो.

प्रत्येकानं ‘मी इथे थांबलो असतो’ अशी एक खूण करायची. बोलायचं नाही, शेजाऱ्याचा कागद बघायचा नाही. आणि आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट: कागद गोळा करायचे ते सिस्को गॅरकच्या शिवणकामाच्या दुकानात शिरून त्याला ठोसा मारतो, त्याच्या आधी. तिथे एपिसोड थांबवायचा. त्यानंतर गॅरक जो हिशेब मांडतो, एका सेनेटरचा जीव, एका गुन्हेगाराचा जीव आणि एका अधिकाऱ्याचा स्वाभिमान यांच्या बदल्यात अख्खा क्वाड्रंट, म्हणजे आकाशगंगेचा पाव भाग, वाचला, तो अँड्र्यू रॉबिन्सननं इतका बिनतोड म्हटलाय की ऐकणारा आपली खूण मनातल्या मनात खाली सरकवतो. कागद आधी हातात असेल तरच हे सरकणं दिसतं. शेवटी पुन्हा एक खूण करायला लावा. दोन खुणांमधलं अंतर हाच चर्चेचा खरा माल.

वाद कुठे कुठे रंगतो ते सांगतो. दुसऱ्या पायरीवर नवखे लोक थांबतच नाहीत, आणि खरी मेख तिथेच आहे. आपल्या माणसांशी बोललो आणि एका दिवसात ती सगळी मेली, हे फक्त गॅरक सांगतो. त्याला दुसरा साक्षीदार नाही. तो खरंच कुणाशी बोलला होता का? खोटं पकडलं जाईल हा संशय त्याला आधीपासून होता आणि व्रीनाकला मारायची तयारीही त्यानं ठेवली होती, हे पुढे उघड होतं. मग खरा पुरावा शोधण्यात त्याला रस तरी का असावा? याच पायरीवर दुसरा मुद्दा स्टारफ्लीटच्या मंजुरीचा. सिस्कोला एकट्याला दोषी धरणारे आणि एकट्याला शूर म्हणणारे, दोघंही ती मंजुरी विसरतात.

पाचवी पायरी सगळ्यात कमी चर्चिली जाते. माझ्या मते ती सहावीपेक्षा वाईट आहे. पुरावा खोटा असला तरी त्याचा परिणाम कुठे होणार हे सिस्कोला ठाऊक आहे. जेलचं तसं नाही. त्यातून जैविक शस्त्रं बनू शकतात म्हणून तर त्याच्या विक्रीवर बंदी आहे. बशीर लेखी हुकूम मागतो, निषेध नोंदवतो आणि मग माल देतो. ते जेल पुढे कुणी कशासाठी वापरलं हे एपिसोड सांगत नाही, आणि गॅरकच्या हिशेबात तर ते नाहीच. या युद्धात पुढे मरणारे रोम्युलन सैनिकही त्यात नाहीत. ‘आकडे बघा ना!’ म्हणणाऱ्या माणसाला हे दोन रकाने भरायला सांगा.

व्रीनाक आणि सिस्कोचा पेयाचा प्रसंग पुन्हा लावून बघा. सिस्को त्याला रेप्लिकेटरमधून, म्हणजे हुबेहूब नक्कल बनवणाऱ्या यंत्रातून, काढलेलं काली-फाल हे रोम्युलन पेय देतो. व्रीनाक म्हणतो, जवळजवळ जमलंय, पण खऱ्या काली-फालचा वास घोट घेण्याआधीच नाकात भिनायला हवा. ज्या माणसाला नकली पेय इतकं सहज ओळखू येतं, तो रॉडवरचं नकली रेकॉर्डिंग ओळखणार हे लेखकानं तिथेच सांगून ठेवलंय. व्रीनाक झालेल्या स्टीफन मॅकहॅटीचं काम फार थोडं, पण एक नजर वाया गेलेली नाही.

आपल्याकडे हा एपिसोड निघाला की ‘नरो वा कुंजरो वा’ येणारच, आणि यावं. पण ते फक्त ‘धर्मराजही खोटं बोलला’ इथे सोडू नका. भीमानं अश्वत्थामा नावाचा हत्ती खरोखर मारला होता. खोटं बोलता यावं म्हणून आधी एक जीव घेतला. गॅरक हेच उलट्या क्रमानं करतो: खोटं पकडलं गेल्यावर जीव घेतो, म्हणजे रॉडमधले दोष स्फोटानं झालेत असं रोम्युलनांना वाटावं. फरक शिक्षेत आहे. युधिष्ठिराचा जमिनीपासून चार अंगुळं वर चालणारा रथ खाली टेकला, सगळ्यांना दिसला. सिस्कोचा रथ कुणालाच दिसत नाही, कारण नोंद पुसली जाते.

इतिहासातली उदाहरणं काढायची तर जपून. बहुतेक जण १९६४ च्या, व्हिएतनामजवळच्या टोंकिनच्या आखाताचं देतात. ४ ऑगस्टचा म्हणून सांगितलेला, अमेरिकी युद्धनौकांवरचा दुसरा हल्ला झालाच नव्हता, पण त्यावर अमेरिकी काँग्रेसनं ७ ऑगस्टला लष्करी कारवाईची मोकळीक देणारा ठराव केला. मला जास्त उपयोगी वाटते ती १९१७ ची झिमरमन तार, म्हणजे जर्मन परराष्ट्रमंत्र्यानं मेक्सिकोला अमेरिकेविरुद्ध युती सुचवणारी गुप्त तार. ती खरी होती, झिमरमननं स्वतः कबूल केली. खोटी होती ती ब्रिटिशांनी सांगितलेली, ती कशी हाती लागली याची गोष्ट. पुरावा खरा आणि मिळवल्याची कथा खोटी, हे सिस्कोला चाललं असतं का? हा प्रश्न टाकला की दुसऱ्या पायरीवरचे लोक जागे होतात. आजच्या निवडणुकीचं किंवा चालू युद्धाचं उदाहरण मात्र पहिल्या तासात येऊ देऊ नका. ते आलं की पंच्याऐंशी लिटर जेलबद्दल पुन्हा कुणी बोलत नाही.

चर्चा एकाच बाजूला झुकली तर उपाय एपिसोडमध्येच आहे. सुरुवातीला सिस्कोची सहकारी डॅक्स रोम्युलन प्रॉकॉन्सल (वरिष्ठ सत्ताधारी) असल्याचं सोंग घेऊन त्याच्याशी वाद घालते: तुम्ही दोघं लढून थका, आम्ही का मरावं? एकाला ती खुर्ची द्या आणि वीस मिनिटं उठू देऊ नका. या खुर्चीवर बसलेल्याला एक पत्ता हमखास सापडतो: आपल्यानंतर डोमिनियन रोम्युलसवरही चालून जाईल, हा सिस्कोचा अंदाज आहे, पुरावा नाही. सिस्कोच्या बाजूचं उत्तरही तितकंच जड आहे. दर शुक्रवारी लागणारी मृतांची यादी, आणि दहा तासांच्या आत शत्रूच्या हाती पडलेला संघाचा बीटाझेड ग्रह.

बांधणीबद्दल थोडं. सिस्को कॅमेऱ्यात बघून बोलतो, म्हणजे आपल्या भाषेत स्वगत. विष्णुदास भाव्यांच्या गावात याचं अप्रूप नसावं. पण नाटकातलं स्वगत प्रेक्षकाला विश्वासात घेतं, इथे ते त्याला साक्षीदार करतं आणि मग पुरावा नष्ट करतं. त्याचे कपडे बघा: गणवेश एकेक करून उतरत जातो, हातात पेला येतो. दिग्दर्शक व्हिक्टर लोबल. कथा पीटर ॲलन फील्ड्सची, पटकथा मायकेल टेलरची, आणि नाव न येता पुनर्लेखन रोनाल्ड मूरचं.

पुढची बैठक ठेवायची असेल तर सातव्या सीझनचे पहिले दोन भाग घ्या. खोट्यावर जोडलेले हेच रोम्युलन मित्र बजोर ग्रहाच्या डेर्ना या चंद्रावर रुग्णालयाच्या नावाखाली शस्त्रं आणतात, आणि स्थानकावरची बजोरची अधिकारी किरा त्यांच्यासमोर उभी राहते. जुने कागद सांभाळून ठेवा आणि त्या दिवशी तिसरी खूण करायला लावा.