तुम्ही विचारलंत म्हणून: रोजगार हमीची बाजू मी का घेते

"खड्डे खणायचे नि बुजवायचे, मस्टरवर खोटी नावं. तरी तुम्ही रोजगार हमीची बाजू का घेता?" लग्नकार्यात, एसटीत, माहेरी, सगळीकडे हेच विचारतात.

खोटी नावं मीही पाहिली आहेत. मेलेल्या माणसाची हजेरी लागलेली पाहिली आहे. पण तुमच्या पगारातून दरमहा २०० आणि फेब्रुवारीत ३०० रुपये व्यवसाय कर कापला जातो ना? तो १९७५ साली याच योजनेसाठी बसवला होता. १९७२च्या दुष्काळात लाखो माणसं खडी फोडत होती, पण ते काम देणं सरकारच्या मर्जीवर होतं. विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांनी आग्रह धरला तो हमीचा. १९७७ला कायदा झाला, २६ जानेवारी १९७९पासून लागू झाला: काम मागा, १५ दिवसांत काम, नाहीतर बेकारी भत्ता. देशासाठी असा कायदा व्हायला २००५ साल उजाडलं.

आमच्या भागातल्या एका गावच्या बाया दसऱ्याआधी नमुना ४, म्हणजे काम मागण्याचा अर्ज, भरून कचेरीत घेऊन गेल्या, मी सोबत होते. अर्ज ठेवून घेतले, पोच देईनात. १५ दिवस पोचेवरच्या तारखेपासून मोजायचे, हे टेबलामागच्या माणसालाही पक्कं ठाऊक होतं. बाया ओसरीवर बसून राहिल्या. संध्याकाळी पोच आली ती बिनतारखेची. एकजण, अंगठा उठवणारी, तो कागद घेऊन परत आत गेली. "साहेब, तारीख टाका. न्हाईतर आमी कवा आलो ते कोन सांगनार?" तारीख मिळाली दुसऱ्या दिवशी, तीही दुसऱ्या दिवशीचीच.

काम निघालं दिवाळी उलटल्यावर. तोवर निम्म्या बायांच्या घरी ऊसतोडीच्या मुकादमाची आगाऊ उचल येऊन पडली होती. तारीख मागणारीही तोडीला गेली, पाचवीतल्या मुलीची शाळा सोडवून. धाकट्याला उसाच्या फडावरच्या कोपीत, त्या झोपडीत, कोण सांभाळणार? भत्ता कुणालाच मिळाला नाही. आम्ही अर्जावर अर्ज केले, उत्तरही आलं नाही.

हे सांगितलं की लोक म्हणतात, बघा, तुम्हीच सांगताय. हो, मीच सांगतेय. पण त्या बाईला आत जाऊन तारीख मागता आली ती कायद्यामुळे. मेहेरबानीची पोच कोण मागतं?

विशीत मीही या योजनेच्या विरोधात बोलायचे. जमीन वाटा, पाणी वाटा. माती उपसायला लावून गरिबी फक्त जिवंत ठेवता, असं म्हणायचे. विशीतल्या त्या मला मी आज १९९०नंतर रोजगार हमीतून लागलेल्या फळबागा दाखवीन. कोरडवाहू रानात आंबा, डाळिंब उभं राहिलं, ही लहान गोष्ट नाही. ती विचारेल, ज्याला रानच नाही त्याचं काय? तिथे मी अडते. पाझर तलाव भूमिहीनांनी खोदला, पाणी उतरलं ते खालच्या बागायतदाराच्या विहिरीत. हे मी पाहिलं आहे आणि त्याचं उत्तर या कायद्यात मला सापडलेलं नाही.

तरी यंदा दसऱ्याची वाट न बघता, श्रावणातच अर्ज द्यायचे ठरलं आहे.