एक, सात, बहात्तर, आठशे एक्याण्णव...

आज बारावीच्या वर्गात पुस्तक मिटलं आणि फळ्यावर लिहिलं : अल्फा भागिले दोन पाय (α/२π). अल्फा म्हणजे विद्युतचुंबकीय बल किती जोरकस आहे ते सांगणारा आकडा, सुमारे १/१३७. पोरांनी लॉग टेबलं काढली. दुसऱ्या बाकावरच्या एका मुलीचं उत्तर आलं, "सर, ०.००११६!"

इलेक्ट्रॉनच्या चुंबकत्वातली ही जादाची भर भौतिकशास्त्रज्ञ श्विंगर यांनी १९४८ मध्ये काढली. प्रयोगात मिळते ०.००११५९६५... उरलेल्या फरकासाठी भौतिकशास्त्रज्ञ तोइचिरो किनोशितांनी कॉर्नेल विद्यापीठात अख्खं आयुष्य वेचलं. हे गणित पायरीपायरीनं अधिक अचूक होत जातं आणि दर पायरीला फाइनमन आकृत्या, म्हणजे कणांच्या देवाणघेवाणीची चित्रं, काढून प्रत्येकीचं गणित करावं लागतं. पहिल्या पायरीला आकृती एकच, मग ७, ७२, ८९१ आणि पाचव्या पायरीला १२,६७२! त्या पाचव्या पायरीचं उत्तर २०१२ मध्ये छापून आलं, तेव्हा ते ८७ वर्षांचे होते. मला हा माणूस फार मोठा वाटतो.

"आणि मध्येच एखादी चुकली तर?" उत्तर देणाऱ्या त्या मुलीनंच विचारलं. चुकली होती. चौथ्या पायरीतली आपलीच जुनी चूक किनोशितांच्या गटाला सापडली आणि २००७ मध्ये त्यांनी ती जगासमोर मांडून सुधारली. हे सांगताना माझाच आवाज जड झाला.

तास संपला. पोरं डबे काढायला लागली. ती मात्र लॉग टेबल उघडून पहिल्यापासून आकडेमोड तपासत बसली होती.