पगाराच्या चिठ्ठीवरच्या दोन रेघा

गेल्या गुरुवारी ऑफिसातून निघताना मी शेजारच्या टेबलावरच्या मैत्रिणीला वाढदिवसाच्या शुभेच्छा दिल्या. वाढदिवस शनिवारी होता, पण शुक्रवारी माझी सुट्टी, म्हणून आधीच देऊन टाकल्या. तिचा चेहरा खर्रकन उतरला. "आधी नाही द्यायच्या," असं म्हणत तिने टेबलाच्या लाकडावर तीनदा बोटं आपटली आणि "टॉय टॉय टॉय" पुटपुटली. जर्मनीत वाढदिवसाच्या आधी शुभेच्छा देणं अपशकुनी मानतात, आणि अपशकुन टळावा म्हणून असं लाकडावर ठोकतात. ठीक आहे, ते मला माहीत नव्हतं. पण ही बाई पक्की नास्तिक आहे! बवेरियातल्या कॅथलिक घरात वाढली आणि पहिली नोकरी लागल्यावर रीतसर चर्च सोडून बाहेर पडली.

रीतसर म्हणजे खरोखरच रीतसर. इथे चर्चचा कर असतो. तुम्ही कॅथलिक किंवा प्रोटेस्टंट चर्चचे सभासद असाल, तर तुमच्या आयकराच्या ९ टक्के रक्कम (बवेरियात आणि शेजारच्या बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये ८) पगारातून परस्पर कापली जाते आणि सरकार ती चर्चला पोचती करतं. १९१९ च्या वायमार राज्यघटनेतली ही तरतूद १९४९ च्या राज्यघटनेत तशीच उचलली गेली. नको असेल तर सरकारी कचेरीत स्वतः जायचं, ओळखपत्र दाखवायचं, सही करायची. झालात तुम्ही चर्चबाहेर. २०२२ या एका वर्षात पाच लाखांहून जास्त लोकांनी अशी सही करून कॅथलिक चर्च सोडलं. मैत्रिणीने आईला कळवलं ते सही झाल्यावर, फोनवर. आई दोन दिवस बोलली नाही, मग नाताळला काय शिजवायचं ते विचारायला तिचाच फोन आला.

मी लाइपझिगला आले तेव्हा पत्ता नोंदवायच्या अर्जात धर्माचा रकाना होता. मी 'नाही' लिहिलं आणि मला फार बरं वाटलं. साताऱ्यात मला शाळेत घालताना बाबांनी तो रकाना मुद्दाम कोरा सोडला होता. कारकुनाने त्यांच्यादेखत 'हिंदू' लिहून टाकलं. पुढे २०१४ साली मुंबई उच्च न्यायालयाने 'कुठल्याही अर्जात धर्म सांगायची सक्ती करता येणार नाही, मला धर्म नाही असं म्हणायचा हक्क नागरिकाला आहे' असा निकाल दिला. त्या बातमीचं कात्रण बाबांनी माझ्या दाखल्यांच्या फायलीत लावून ठेवलं आहे. ती फाईल मी इथे घेऊन आले.

महिनाअखेरीला पगाराची चिठ्ठी आली. चर्चच्या कराच्या जागी दोन आडव्या रेघा होत्या. मी खूश. पण माझ्या तेव्हाच्या रूममेटच्या चिठ्ठीवरही त्याच दोन रेघा. ती नाशिकची, संकष्टी न मोडणारी, अर्जात ठसठशीत 'हिंदू' लिहिणारी. ज्या धर्मसंस्थांसाठी कर गोळा करायचा, त्यांचीच खूण त्या चिठ्ठीवर असते. बाकी सगळ्यांना रेघा. माझा नकार आणि तिची श्रद्धा, दोन्ही सरकारदरबारी एकच. हे मला अजूनही टोचतं. श्रद्धा ही इथे वर्गणीची बाब आहे आणि ती थांबवली की माणूस नास्तिक झाला, असं बऱ्याच जणांना खरंच वाटतं. जेवणाच्या सुट्टीत ते मला विचारतात, तुमच्याकडे इंजिनियरसुद्धा मुहूर्त बघतात म्हणे? हो, बघतात. पण मुहूर्ताला मुहूर्त म्हणतात, आणि त्याच्याशी भांडणारी माणसंही आमच्यातच निपजतात.

बाबा त्यातले. मी लहान असताना अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यक्रमांत ते 'मंत्राने' अग्नी पेटवून दाखवायचे. होमात आधीच पोटॅशियम परमँगनेटची पूड असायची आणि वर तूप म्हणून सोडायचे ते ग्लिसरीन. काही क्षण नुसता धूर, मग भपकन जाळ. लोक हात जोडायचे. त्याच लोकांना बाबा बाटली हुंगायला द्यायचे आणि पुन्हा स्वतःच्या हातांनी करायला लावायचे. २० ऑगस्ट २०१३ ला सकाळी पुण्यात समितीच्या नरेंद्र दाभोलकरांना गोळ्या घातल्या, तेव्हा बाबा दिवसभर ओसरीवर बसून होते, चहासुद्धा घेतला नाही. बरीच वर्षं रखडलेला जादूटोणाविरोधी कायदा त्याच वर्षी डिसेंबरमध्ये झाला. इथल्या कुणाला सही करण्यापलीकडे काही मोजावं लागत नाही, ही चांगलीच गोष्ट आहे. पण म्हणून मनातली भीती तपासून बघायची सवय आम्ही यांच्याकडून शिकावी, हे मला मान्य नाही.

त्याच बाबांनी रोज सकाळी आईच्या पूजेसाठी फुलं आणली. अजून आणतात. फिरून येताना पिशवीत जास्वंद, तगर, मिळाल्या तर दुर्वा. पिशवी देवघराच्या उंबऱ्यावर ठेवायची, हात जोडायचे नाहीत, आणि आईनेही कधी जोडायला सांगायचं नाही. इथे मी गणपतीत मंडळात जाते, आरतीला टाळ्याही वाजवते. कोणी बोट दाखवलं तर मी बाबांची ती पिशवी सांगते. माणसांसाठी जाते मी, आणि त्यात मला काहीही खोटं वाटत नाही.

दोन वर्षांपूर्वी आईच्या पित्ताशयाचं ऑपरेशन ठरलं, नेमकं अमावास्येला. आई म्हणाली, त्या दिवशी नको. मी इथून फोनवर तासभर तिच्याशी वाद घातला. डॉक्टर तोच, भूल तीच, अमावास्येचा पित्ताशयाशी काय संबंध? शेवटी ती गप्प झाली आणि मला वाटलं, पटलं. दुसऱ्या दिवशी कळलं, बाबांनीच डॉक्टरांना विचारून तारीख दोन दिवस पुढे ढकलली होती. माझा संताप झाला. तुम्ही, बाबा? तुम्ही? ते म्हणाले, "घाईचं नाही असं डॉक्टरांनीच सांगितलं. टेबलावर झोपताना तिच्या मनात धास्ती कशाला? वाद घालायला ती घरी आल्यावर वेळच वेळ आहे." मला ते तेव्हा पटलं नव्हतं. एकाला सवलत दिली की पुढच्या वेळी दुसऱ्याला द्यावी लागते, असं मी म्हणाले होते.

परवा रविवारी मी बाबांना मैत्रिणीचा किस्सा सांगितला. चर्च सोडलेली बाई लाकडावर ठोकते, हे मी बरंच रंगवून सांगत होते. त्यांनी ऐकून घेतलं.

"घाबरली होती का गं ती?"

"थोडी. म्हणजे, हो. तिच्या आईचं यंदा दुखणं झालं, त्यामुळे असेल."

"मग तू काय म्हणालीस?"

मी काहीच म्हणाले नव्हते. बॅग उचलून निघून आले होते.

सोमवारी तिने केक आणला. इथे ज्याचा वाढदिवस, त्यानेच आणायचा असतो. बाकीचे स्वयंपाकघरात जमायच्या आत मी तिच्या टेबलापाशी गेले, आधी गुरुवारबद्दल माफी मागितली आणि मग शुभेच्छा दिल्या. तिने सगळ्यात मोठा तुकडा माझ्या बशीत घातला आणि माझ्या आईची तब्येत कशी आहे ते विचारलं.