विमानाने वॉर्निश पाठवताना: एका आकड्यावर अडलेला माल

अंबड औद्योगिक वसाहतीतील आमच्या कारखान्यात विजेच्या मोटारींच्या वायंडिंगसाठी, म्हणजे तारेच्या वेटोळ्यांसाठी, इन्सुलेटिंग (विद्युतरोधक) वॉर्निश तयार होते. परदेशातील एका ग्राहकाने चाचणीसाठी त्याचा नमुना विमानाने मागवला. डबे, खोके आणि मुंबईपर्यंतचा टेम्पो यांची व्यवस्था विनासायास झाली. माल अडला तो मालवाहतूक एजंटाच्या कार्यालयात, फ्लॅश पॉइंटच्या, म्हणजे द्रवाची वाफ ठिणगीने पेट घेऊ शकते त्या किमान तापमानाच्या, एका आकड्यावर.

आमच्या सुरक्षा माहितीपत्रकाच्या नवव्या विभागात ६४ अंश सेल्सिअस, ओपन कप (उघड्या भांड्यातील चाचणी), असे स्पष्ट छापलेले होते. तेथील अधिकाऱ्याने केवळ आकडा वाचला आणि तो ६० च्या वर आहे, म्हणजे हा साधा माल आहे, असा निर्णय देऊन टाकला. वास्तविक आयाटा या आंतरराष्ट्रीय हवाई वाहतूक संघटनेच्या धोकादायक मालाच्या नियमावलीत वर्ग ३ म्हणजे ज्वलनशील द्रवांची मर्यादा क्लोज्ड कप (बंद भांड्यातील) चाचणीत ६० अंश, तर ओपन कप चाचणीत ६५.६ अंश अशी आहे. उघड्या भांड्यातून वाफ निसटत राहते, त्यामुळे पेट घेण्याइतकी वाफ जमण्यासाठी द्रव अधिक तापवावा लागतो आणि आकडा चढा येतो. त्यामुळे आमचे ६४ अंशांचे वॉर्निश निःसंशय वर्ग ३ मध्येच बसत होते. हे मी समजावून सांगितले, तेव्हा त्यांच्या वरिष्ठांनी उलट आमच्याकडूनच ‘माल धोकादायक नाही’ असे सहीशिक्क्याचे पत्र मागितले. ते मी दिले नाही, आणि आजही देणार नाही. विमानाच्या पोटात गळती झाली तर त्या पत्रावर सही माझी असेल, त्या टेबलाची नव्हे. अशा कार्यालयात नियमावली कपाटात बंद असते आणि निर्णय तोंडी दिले जातात, याचा मला अजूनही संताप येतो.

अखेर प्रयोगशाळेकडून पेन्स्की-मार्टेन्स पद्धतीने क्लोज्ड कप चाचणी करून घेतली. ५७ अंश आले आणि वाद संपला. यूएन १२६३ (रंग-वॉर्निशांचा आंतरराष्ट्रीय क्रमांक), पॅकिंग गट ३ (सर्वांत कमी धोक्याचा गट), असे वर्गीकरण झाले. या गटाला प्रवासी विमानात प्रत्येक नगाला ६० लिटर आणि मालवाहू विमानात २२० लिटर मर्यादा आहे, त्यामुळे आमच्या नमुन्याला कसलीच अडचण नव्हती. क्लोज्ड कप चाचणीत फ्लॅश पॉइंट २३ अंशांच्या खाली असता तर गट २ लागला असता आणि प्रवासी विमानात ५ लिटरचीच मुभा राहिली असती. पातळ थिनर पाठवणाऱ्यांनी हा फरक बांधणीपूर्वीच पाहावा.

डबे काठोकाठ भरू नयेत, हे आधीच सांगायला हवे होते: ५५ अंशांना द्रव प्रसरण पावला तरी डब्यात मोकळी जागा उरली पाहिजे. खोक्याच्या समोरासमोरच्या दोन बाजूंवर वरची दिशा दाखवणारे बाण हवेत. धोकादायक मालासोबत पाठवणाऱ्याने सही करून द्यायच्या जाहीरपत्राच्या दोन्ही कडांना लाल तिरप्या रेघा असतात, म्हणून ते रंगीतच छापावे. त्यात खाडाखोड झाली तर मूळ सही करणाऱ्यानेच पुन्हा सही करावी लागते. आमच्याकडे सही करणारा सहकारी धोकादायक माल पाठवण्यासाठी प्रशिक्षित होता, परंतु हे प्रशिक्षण दर दोन वर्षांनी नव्याने घ्यावे लागते, तेव्हा प्रमाणपत्राची तारीख टेम्पो बोलावण्याआधी तपासावी.

नव्या माहितीपत्रकात आम्ही आता चाचणीची पद्धत आकड्याच्या आधी छापतो, आणि क्लोज्ड कप अहवालाची प्रत प्रत्येक मालासोबत जोडतो.