दगड वाळेना

पुण्यात जुलैमध्ये कपडे वाळत नाहीत हे लहानपणापासून माहीत होतं. दगडही वाळत नाही, हे त्या दिवशी कळलं.

शहराबाहेरच्या एका खाणीतून आणलेला बेसाल्ट माझ्या टेबलावर होता. त्याच्या पोकळ्यांना आतून हिरवट-काळ्या मातीचं अस्तर. ओल्या बोटाला साबणासारखं लागणारं. हे स्मेक्टाइट, पातळ थरांची माती; थरांच्या मध्ये पाणी शिरू शकतं. मंगळावरच्या जुन्या खडकांत याच गटातली खनिजं जागोजागी सापडली आहेत, आणि तिथला खडकही मुख्यतः बेसाल्टच. यानांना कक्षेतून जे दिसतं ते इथल्या मातीशी ताडून बघायचं, हे माझं काम.

खनिजावर प्रकाश टाकायचा आणि परतून येणाऱ्या अवरक्त प्रकाशाच्या आलेखात कुठे खळगा पडतो, म्हणजे कुठल्या तरंगलांबीचा प्रकाश खनिजाने शोषला, ते पाहायचं. १.९ मायक्रॉनचा खळगा पाण्याच्या अख्ख्या रेणूचा. २.३ च्या आसपासचा, खनिजाच्या सांगाड्यातच लोह-मॅग्नेशियमला जोडलेल्या हायड्रॉक्सिलचा, म्हणजे ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोडीचा.

माती खलात कुटून, चाळून रात्रभर ११० अंशांवर ठेवली होती. सकाळी पहिलं मापन घेतलं, १.९ चा खळगा मस्त उथळ. दिवा बंद करून चहाला गेले. नमुना तसाच उघडा.

परत आले तर खळगा खोल झालेला. पांढऱ्या प्लेटवर यंत्र पुन्हा जुळवलं. आणखी खोल. फायबर तपासली, दिवा बदलला, दर दहा मिनिटांनी मापन. प्रत्येक वेळी आणखी थोडा खाली. दुपारपर्यंत मी यंत्रालाच शिव्या घालत होते. शेवटी लॅबमधले मामा म्हणाले, "मॅडम, ती खिडकी लावा आधी. या दिवसांत डब्यातल्या मिठालासुद्धा पाणी सुटतं."

इतकी साधी गोष्ट. भट्टीतून निघालेली माती पुण्याची हवा पीत बसली होती.

चिडून सगळे आलेख एकावर एक टाकले, आणि मग मात्र खुर्चीत नीट सरसावून बसले. १.९ पाशी रेघा पायऱ्यांसारख्या उतरत गेलेल्या. २.३ पाशी जवळजवळ एकच रेघ. थरांमधलं पाणी भाडेकरू होतं, हवा बघून ये-जा करणारं. पण बेसाल्ट पाण्यात कुजून ही माती झाली तेव्हा सांगाड्यात जे हायड्रॉक्सिल बसलं, ते भट्टीनेही हललं नव्हतं.

संध्याकाळी सरांना दाखवलं. ते हसले. "हे जॉन क्लाइन आणि कंबरलँडसारखं झालं की!" २०१३ मध्ये नासाच्या क्युरिऑसिटी या फिरत्या गाडीने मंगळावरच्या गेल विवरात, एका जुन्या तळ्याच्या गाळात, काही मीटरच्या अंतरावर पाडलेली ही दोन भोकं. दोन्हीकडच्या चुऱ्यात साधारण एक पंचमांश स्मेक्टाइट. पण क्ष-किरणांनी थरांमधलं अंतर मोजलं तर एकाचं १० अँगस्ट्रॉम (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग), म्हणजे थर मिटलेले. दुसऱ्याचं १३ च्या वर, अजून उघडे. तळं तेच, गाळ तोच. मिटलेल्या मातीला पाणी लागलंच नव्हतं, असं कोण म्हणेल?

माझ्या वहीत मात्र तीन पानं नमुने होते, १.९ बघून 'ओला' आणि 'कोरडा' असे विभागलेले. काट मारली. शिवाय नुसतं 'ओला' म्हणून तरी काय कळतं? २००४ मध्ये नासाच्याच ऑपॉर्च्युनिटी गाडीला मंगळावरच्या मेरिडियानीच्या पठारावर जॅरोसाइट सापडलं. ते खनिज बनायला चांगलं आंबट पाणी लागतं. स्मेक्टाइटला सहसा त्याहून सौम्य, बरंचसं पिण्याजोगं. 'मंगळावर पाणी' असा मथळा दिसला की मी आता खनिजाचं नाव शोधते. बहुतेक वेळा ते नसतंच.

तेव्हापासून नोंदवहीत तारखेशेजारी एक रकाना वाढलाय: हवेतली आर्द्रता, आणि खिडकी उघडी की बंद. दुसरा भाग मामा स्वतः भरतात.