तुम्ही विचारलेत म्हणून: गाणे विद्यापीठात का शिकले?

"गाणे गुरूसमोर बसून येते, त्यासाठी विद्यापीठात वर्षे कशाला घालवलीत?" हा प्रश्न मला नातेवाईक विचारतात, शिकायला येणाऱ्या मुलींचे पालक विचारतात आणि मैफलीनंतर भेटणारी अनोळखी माणसेही विचारतात. "तिथेही गुरूच असतात," एवढे म्हणून मी आजवर विषय संपवत आले. ते उत्तर खोटे नाही, पण अपुरे आहे.

विद्यापीठाने मला गायिका केले, असे मी कधीच म्हटलेले नाही. वर्गात साऱ्या मुलींना एकाच पट्टीत गावे लागते. ज्या मुलीचा गळा त्या पट्टीत खुलत नाही, तिने खर्ज (खालच्या सुरांचा रियाज) भरायचा कसा? प्रत्येक सत्राला राग नेमून दिलेले असतात आणि एक राग गळ्यात मुरण्याआधीच पुढचा सुरू होतो. माझे गाणे घडले ते माझ्या गुरू, म्हणजे बाईंकडे, पहाटेच्या तालमीत. दिवसभराचे वर्ग संपल्यावर वसतिगृहाच्या खोलीत रियाज केला की शेजारच्या मुलींचा अभ्यास मोडत असे, म्हणून मी गच्चीवर पाण्याच्या टाकीमागे बसत असे. हे सारे मान्य करूनही ती वर्षे वाया गेली, हे मला मान्य नाही. त्याचे कारण एका परीक्षेत आहे.

एम. ए.च्या शेवटच्या प्रात्यक्षिकासाठी मी मारवा निवडला होता. हा संध्याकाळचा राग मला भर दुपारी गावा लागला, त्याबद्दल तक्रार नाही. परीक्षेचे वेळापत्रक प्रहरांप्रमाणे लावता येत नाही. पण मारव्यात पंचम (प) वर्ज्य आहे आणि आधीच्या मुलीसाठी लावलेल्या दोन्ही तानपुऱ्यांच्या पहिल्या तारा पंचमात होत्या. त्या निषादात (नी) लावण्यासाठी मी वेळ मागितला, तेव्हा बाहेरून आलेले परीक्षक म्हणाले, "लावा, पण तो वेळ तुमच्याच वीस मिनिटांतून जाईल." मी खुंटीला हात घातला. उकाड्यात तार ठरत नव्हती. तारेतला मणी सरकवून निषाद लागला असे वाटावे, तोच ती पुन्हा उतरे. साथीचे तबलजी राहू दे म्हणून डोळ्यांनी खुणावत होते, तरी मी थांबले नाही. अखेर गायला बसले तेव्हा फारच थोडा वेळ उरला होता. विलंबित (संथ) लयीत बारा मात्रांच्या एकतालाचे एक आवर्तन मिनिटभर चालते, आणि मारव्यात तर षड्ज (सा) टाळत, धैवत (ध) आणि कोमल रिषभ (रे) यांच्या आधाराने राग धीराने उभा करावा लागतो. तो रिषभ जागेवर बसू लागला तेवढ्यात जलद लयीच्या बंदिशीकडे वळायची सूचना आली: "पुरे, छोटा ख्याल घ्या."

त्यानंतर त्याच परीक्षकांनी पूरिया आणि सोहनी हे राग मारव्यापासून वेगळे करून दाखवायला सांगितले. तिन्ही रागांचे सहा स्वर तेच. मी पूरियात गांधार-निषादावर (ग-नी) थांबत मंद्रात, म्हणजे खालच्या सप्तकात, राहिले, सोहनीत तार षड्जाकडे, म्हणजे वरच्या 'सा'कडे, झेपावले, आणि तसे गाता गाता मारवा म्हणजे नेमके काय, हे मला प्रथमच कळले. बाईंकडे मारवा पक्का होईपर्यंत पूरियाला हात लावायची मुभा नव्हती. राग शेजारी शेजारी ठेवून पाहण्याची सवय मला अभ्यासक्रमाने लावली. देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाने 13व्या शतकात लिहिलेला 'संगीतरत्नाकर' हा संगीतावरचा ग्रंथही मी बाईंकडे कधी उघडला नसता.

गुण कमी मिळाले. बाईंना सांगितले, तेव्हा त्यांनी एवढेच विचारले, "निषाद लागला होता का?"

त्या काळी मला वाटे की मी गाण्याची बाजू घेतली आणि परीक्षकांनी घड्याळाची. आता मीही परीक्षक म्हणून बसते. बाहेर मुली ताटकळत असतात आणि माझीही नजर घड्याळाकडे जाते. म्हणून ते बरोबर ठरतात, असे मात्र मी म्हणणार नाही. तानपुऱ्यांची एक जोडी निषादात लावून ठेवणे एवढे अवघड नव्हते. मी जिथे परीक्षा घेते तिथे ती ठेवायला लावते.

गायक विष्णु दिगंबर पलुस्करांनी 1901 साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले, ते घराण्यांचे दार ज्यांना सहज उघडत नव्हते त्यांच्यासाठीही. माझ्या घरात गाणे नव्हते आणि बाईंचा पत्ताही मला विद्यापीठातच मिळाला, हे प्रश्न विचारणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे.

मुलीला विद्यापीठात पाठवावे का, असे पालक विचारतात, तेव्हा गुरूची तालीम सुटणार नसेल तर जरूर पाठवा, असे मी सांगते. पण जिच्या गावात गुरूच नाही आणि जिला विद्यापीठ हा एकच मार्ग आहे, तिला या सल्ल्याचा उपयोग नाही, आणि तिला काय सांगावे हे मला अजून ठरवता आलेले नाही.