डॅशबोर्डखालचं चांदणं

गाडी लावायची, दारं लॉक करायची, एकदा हँडल ओढून बघायचं आणि दहा पावलं गेल्यावर परत येऊन पुन्हा ओढून बघायचं, एवढाच माझ्या गाडीचा बंदोबस्त होता. मग एका सकाळी शेजारच्या गाडीची काच फुटलेली दिसली. आतलं काय गेलं, काय राहिलं, याची चर्चा आटोपायच्या आत माझं ठरून गेलं होतं. अलार्म बसवायचा. स्वस्तातला, आणि स्वतःच्या हातानं. 'स्वस्तातला' हे खिशानं ठरवलं, 'स्वतःच्या हातानं' हे अंगातल्या खुमखुमीनं.

स्वस्त अलार्मच्या खोक्यावर सगळ्यात मोठ्या अक्षरांत असतो तो सायरनचा आवाज. 120 डेसिबल, 125 डेसिबल. जणू चोर कानानंच मरणार आहे. खरं विचारायचं ते वेगळंच असतं आणि ते बारीक अक्षरांत शोधावं लागतं: रिमोटचा कोड दर वेळी बदलतो का? जुन्या पद्धतीचा रिमोट दर वेळी तोच इशारा पाठवतो. कुणी तो हवेतून टिपून घेतला आणि तुम्ही गेल्यावर पुन्हा सोडला, की गाडी त्याचीही आज्ञा पाळते. रोलिंग कोडमध्ये दर दाबण्याला नवा आकडा जातो आणि वापरलेला आकडा गाडी पुन्हा मानत नाही. खिशात किल्ल्यांच्या गर्दीत बटण चार-पाच वेळा उगाच दाबलं गेलं, तर गाडी चार-पाच आकडे पुढचाही इशारा मान्य करते. एवढा समजूतदारपणा मी माणसांतही क्वचित पाहिलाय.

दुसरा प्रश्न आवाजाच्या पलीकडचा. नुसतं ओरडून गाडी थांबत नाही, म्हणून अलार्मबरोबर एक रिले, म्हणजे विजेनं चालणारा खटका, जोडतात आणि स्टार्टरची वायर त्यातून नेतात. अलार्म पहाऱ्यावर असेल तर किल्ली फिरवूनही स्टार्टर हलत नाही. ही वायर स्टार्टरचीच असावी, पेट्रोल पंपाची नको, असं माझं ठाम मत आहे. रिले हीही शेवटी वस्तूच. भर रस्त्यात तिनं मान टाकली तर चालतं इंजिन बंद पडण्यापेक्षा उभी गाडी सुरू न झालेली बरी. इथंच एक गंमतशीर पेच आहे. जोडणी अशी करता येते की अलार्म मेला तर गाडी सुरू होते, किंवा अशी की अलार्म मेला तर गाडीही मेली. पहिलीत अलार्मचा फ्यूज उपटणाऱ्या चोराचं फावतं, दुसरीत कधीतरी आपणच आडरानात अडकतो. म्हणजे यंत्र बिघडेल तेव्हा ते कुणाच्या बाजूनं बिघडावं, हे आधीच ठरवायचं. मी बराच वेळ दोन्हीकडच्या वायरी हातात धरून बसलो आणि शेवटी पहिली जोडणी केली. चोर माझ्याकडे कदाचित येईल, कदाचित नाही. मी मात्र या गाडीत रोज बसतो.

प्रत्यक्ष काम सुरू झालं आणि माझी जात बदलली. बॅटरीची आधी मायनस वायर काढली, म्हणजे पान्हा चुकून बॉडीला टेकला तरी ठिणगी नाही. स्टिअरिंगच्या खालचं प्लॅस्टिक उतरवलं. पिवळे कनेक्टर दिसले तिथून हात लांब ठेवले, कारण ते एअरबॅगचे असतात आणि तिथं मल्टिमीटरचा शहाणपणा करायचा नसतो. मग बॅटरी पुन्हा जोडून कायम 12 व्होल्ट असलेली वायर कुठली, किल्ली फिरवल्यावरच जागी होणारी कुठली, दार उघडल्यावर अर्थिंग मिळणारी कुठली, ते एकेक करून शोधू लागलो. नव्या गाड्यांत यातलं बरंचसं दोन पिळलेल्या वायरींवरून आकड्यांच्या भाषेत चालतं आणि तिथं नवशिक्यानं हात घालूच नये. माझी गाडी जुनी, तिच्या वायरी अजून साधं बोलतात.

पण दृश्य बघा. वेळ रात्रीची, कारण दिवसा सवड नाही. गाडीचं दार उघडं, माझं डोकं पेडलांपाशी, पाय बाहेर रस्त्यावर, हातात वायर सोलायचा चिमटा आणि दातांत टॉर्च. कुणी जवळून गेलं की माझा श्वास आपोआप थांबायचा. गाडी माझी, कागदपत्रं माझ्या नावावर, तरी पावलांचा आवाज आला की टॉर्च विझवायचा मोह व्हायचा. चोराच्या मनात चांदणं म्हणतात. माझं डॅशबोर्डखाली पडलं होतं.

आणि मग मी खरोखरच त्याच्यासारखा विचार करू लागलो. अलार्मचा मुख्य डबा ठेवायला फ्यूजबॉक्सच्या बाजूला मस्त जागा सापडली. हात सहज पोचत होता. लगेच मनात आलं, मला सहज तर त्यालाही सहज. डबा काढला आणि आणखी आत, वातानुकूलनाच्या पेटीच्या मागं खुपसला, जिथं पोचताना मनगट सोलतं. नव्या वायरींवर काळी कापडी टेप मूळच्या वायरींसारखीच गुंडाळली, म्हणजे पाहुणी कोण आणि घरची कोण ते कळू नये. रात्रभर राबायचं आणि वर काहीच केलेलं नाही असं दिसलं पाहिजे, असं काम मी आयुष्यात पहिल्यांदा केलं. सायरन बॉनेटखाली, इंजिनच्या धगीपासून दूर, तोंड खाली करून बसवला, नाहीतर त्यात पाणी साचतं.

राहिला हादरा ओळखणारा सेन्सर. त्याच्यावर एक इवलासा स्क्रू असतो आणि साऱ्या अलार्मचं चारित्र्य त्या स्क्रूवर अवलंबून असतं. एका बाजूला फिरवला तर काच फुटली तरी हा झोपलेला, दुसऱ्या बाजूला फिरवला तर ट्रक गेला तरी याचा थयथयाट. पहिल्या आठवड्यात तीनदा मांजरीसाठी आणि एकदा नारळ फुटल्याएवढ्या आवाजाच्या मेघगर्जनेसाठी मी मध्यरात्री खाली धावलो. चौथ्या वेळी कुणाच्याही खिडकीत दिवा लागला नाही. लांडगा आला रे आला! स्क्रू पाव फेरा मागं घेतला.

बॅटरीचा हिशेबही सांगून ठेवतो. पहारा देताना अलार्म 20 मिलिअँपिअर ओढत असेल तर दिवसाला जवळपास अर्धा अँपिअर-अवर झाला. महिनाभर गाडी हलली नाही तर 45 अँपिअर-अवरच्या बॅटरीचा तिसरा हिस्सा फस्त. कुंपणानं शेत खायचं ते असं.

काचेमागं लुकलुकणारा तांबडा ठिपका मात्र मला मनापासून आवडतो. सगळ्यात स्वस्त भाग तोच आणि बहुधा सगळ्यात कामाचाही, कारण तो बघून चोर दुसरीकडे वळतो. दुसरीकडे म्हणजे कुठं, तर ज्याची काच आधीच एकदा फुटली त्या शेजाऱ्याकडे. हे लक्षात आल्यापासून मी त्याच्याशी जरा जास्तच गोड बोलतो.

रिमोटचा सेल संपला तर अलार्म गप्प करायला एक गुप्त बटण असतं. किल्लीनं दार उघडायचं, सायरन बोंबलू द्यायचा, इग्निशन चालू करून ते बटण दाबायचं. ते मी अशा ठिकाणी लपवलं की चोराच्या सात पिढ्यांना सापडू नये. घरातही कुणाला सांगितलं नाही. गुप्त ते गुप्त.

परवा बायकोचा फोन आला. मागं सायरन.

"अहो, रिमोट चालत नाहीये! हे बंद कसं करायचं?"

मी इकडेतिकडे पाहिलं, तोंडावर हात धरला आणि हळू आवाजात सांगितलं.

"ऐकू येत नाही, मोठ्यानं बोला!"

मी ओरडलो. ड्रायव्हरच्या सीटखाली, डाव्या हाताला, गालिच्याच्या घडीमागं! दोनदा ओरडलो. सायरन थांबला.

"सापडलं बाई एकदाचं," ती म्हणाली. "बरं झालं फोन स्पीकरवर होता. मला नाही कळलं, पण इथं जमलेल्यांपैकी एकाला बरोबर कळलं. त्यानंच दाबलं."